संगणक घ्यायचा तं अर्धा जोडलेला घ्या



आज पिकाचं नाही, संगणकाचं बोलतो. गटाच्या हिशोबाला, पोरांच्या शिक्षणाला तो आता लागतोच. माझं मत असं, की धारणीसारख्या ठिकाणी पूर्ण तयार संगणकापेक्षा अर्धा जोडलेला घ्यावा. दुकानात त्याला 'बेअरबोन' म्हणतात. त्यात डबा, मदरबोर्ड आणि वीजपुरवठा येतो. छोट्या डब्यात प्रोसेसरही बहुधा बोर्डावरच असतो. रॅम आणि एसएसडी आपण बसवायची, मग विंडोज नाही तं फुकटचं लिनक्स टाकायचं.

काहून? ट्रॅक्टरमागची अवजारं आपण जमीन पाहूनच घेतो ना? तसंच हे. सातबारा, पीकविमा, हिशोब एवढंच काम असेल तं ८ जीबी रॅम आणि २५६ जीबी एसएसडी पुरते. पुढं काम वाढलं तं रॅम वाढवा. जुन्या हार्डडिस्कमध्ये तबकडी फिरते, एसएसडीत फिरणारं काहीच नाही. घाटातल्या हादऱ्यांना तीच बरी. लाईटचा भरवसा नाही, म्हणून छोटा यूपीएस लावाच.

घेण्याआधी बोर्डाची माहिती वाचा. डीडीआर४ आणि डीडीआर५ रॅमची खाच वेगळी असते, एकीच्या जागी दुसरी बसत नाही. छोट्या डब्याला बहुधा लॅपटॉपची आखूड रॅम लागते. बसवताना आधी पिन काढा, उघड्या धातूला हात लावून अंगातली स्थिर वीज उतरवा, मगच रॅम हातात घ्या. प्रत्येक भागाची वॉरंटी वेगळी, तं बिलं जपून ठेवा.

कोणी म्हणेल, हे आपलं काम नाही. फवारणी पंपाचा वॉशर आपणच बदलतो ना? आणि मोठं उदाहरण आपल्याच वऱ्हाडातलं आहे. अमेरिकेनं महासंगणक द्यायला नकार दिला, तेव्हा पुण्याच्या सी-डॅकनं बाहेर मिळणारे छोटे प्रोसेसर एकमेकांना जोडून १९९१ मध्ये 'परम ८०००' उभा केला. त्या कामाचे प्रमुख डॉ. विजय भटकर, मुर्तिजापूर तालुक्यातल्या मुरंब्याचे.

आपल्या तालुक्यातलं हरिसाल २०१६ साली डिजिटल गाव म्हणून गाजलं. नेट आणि यंत्र बाहेरून येऊ शकतं, पण ते उघडून दुरुस्त करणारा हात गावातच तयार व्हावा लागतो. नाही तं एका रॅमसाठी अख्खा डबा घेऊन घाट उतरा. पोराच्या हातात पेचकस द्या, भाऊ. तुमच्याकडं कोणी असा संगणक जोडला असेल तं खाली लिहा, बाकीच्यांना कामी येईल.