कलेजी चकण्याला आणि लोहाच्या गोळ्या लेकीला?

आखाड असो, गावची जत्रा असो की रविवारी अचानक आलेले पाहुणे असोत, आपल्याकडे अजूनही कितीतरी घरांत कोंबडी परसात कापली जाते. मग वाटणी होते. तंगड्या आणि छातीच्या फोडी रश्श्यात जातात. कलेजी आणि पेटा वेगळा काढून तव्यावर परतला जातो आणि बाहेर 'बसलेल्या' मंडळींकडे ताटलीतून पोहोचतो. पाय, मान आणि पाठीचा सांगाडा कुत्र्यापुढे पडतो. आतडी आणि पिसं नाल्यात किंवा उकिरड्यावर जातात. घरातल्या बाया सगळ्यांच्या शेवटी जेवायला बसतात, तेव्हा पातेल्यात बहुतेक रस्साच उरलेला असतो.

या वाटणीवर माझा आक्षेप आहे आणि तो डॉक्टर म्हणून आहे.

लोह कुठे आहे आणि गरज कोणाला आहे?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) देशात १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे. याच वयाच्या पुरुषांत हे प्रमाण २५ टक्के आहे. आपल्या महाराष्ट्रात ५४ टक्के स्त्रिया आणि पाच वर्षांखालची जवळजवळ ६९ टक्के बालकं रक्तक्षयाची आहेत. म्हणजे ज्या घरात कोंबडी शिजते आहे, त्या घरातही चुलीपाशी बसलेली बाई रक्तक्षयाची असण्याची शक्यता निम्म्याहून जास्त आहे.

आता कोंबडीकडे बघू. १०० ग्रॅम कच्च्या कलेजीत सुमारे ९ मिलिग्रॅम लोह असतं. तेवढ्याच छातीच्या मांसात ते अर्ध्या मिलिग्रॅमच्या आसपास भरतं. पेट्यात अडीच मिलिग्रॅमच्या जवळपास असतं, शिवाय भरपूर प्रथिनं आणि अगदी थोडी चरबी. रक्त तयार व्हायला लागणारं फॉलिक अ‍ॅसिड आणि बी-१२ ही जीवनसत्त्वंही कलेजीत भरपूर आहेत. मांसातल्या लोहाचा मोठा भाग शरीर पालेभाजीतल्या लोहापेक्षा कितीतरी सहज शोषून घेतं. इतकंच नाही, तर त्याच जेवणातल्या भाकरीतलं आणि भाजीतलं लोह शोषलं जायलाही मांसाची मदत होते. वर लिंबू पिळलं तर आणखी चांगलं.

थोडक्यात, त्या कोंबडीतला रक्तासाठी सर्वांत मोलाचा तुकडा ज्याला त्याची गरज सर्वांत कमी, त्याच्या ताटलीत जातो. आणि तोही दारूसोबत! कलेजीत प्युरिन जास्त असतात, त्यातून शरीरात युरिक अ‍ॅसिड तयार होतं. दारूही युरिक अ‍ॅसिड वाढवते. रात्री कलेजी आणि दारू, सकाळी अंगठा सुजून लाल, असे रुग्ण आम्ही डॉक्टर नेहमी बघतो.

"पण कलेजीत तर विष साठतं ना?"

हा प्रश्न हमखास येतो, आणि गंमत म्हणजे बायका-मुलांना कलेजी द्यायची वेळ आली की जास्त येतो. यकृत हे विषाचं कोठार नाही. ते नको असलेल्या पदार्थांवर प्रक्रिया करून त्यांना बाहेरची वाट दाखवतं. साठवतं ते लोह, अ जीवनसत्त्व आणि बी-१२. काही जड धातू किंवा औषधांचे अंश यकृतात मांसापेक्षा जास्त सापडू शकतात हे खरं, म्हणून कलेजी रोज खाऊ नये. आठवड्यातून एकदा एखाद्या कोंबडीची कलेजी, म्हणजे साधारण ३०-४० ग्रॅम, निरोगी माणसाला चालते.

काही जणांनी मात्र थांबावं. कलेजीत अ जीवनसत्त्व खूप असतं आणि ते जास्त झाल्यास गर्भाला अपाय होऊ शकतो. त्यामुळे गरोदर बाईने, विशेषतः पहिल्या तीन महिन्यांत, कलेजी टाळावी. तिच्यासाठी लोह-फॉलिकच्या गोळ्या आहेत, त्या चुकवू नयेत. गाऊट असलेल्यांनीही कलेजी खाऊ नये. कोलेस्टेरॉलची औषधं चालू असतील तर डॉक्टरांना विचारा. वर्षाच्या पुढच्या बाळाला आठवड्यातून एकदा पूर्ण शिजवून कुस्करलेले एक-दोन छोटे चमचे पुरेत.

आणि हेही स्पष्ट सांगतो: हिमोग्लोबिन ८ असेल तर कलेजी हे त्याचं औषध नाही. एका कलेजीतून जेमतेम तीन मिलिग्रॅम लोह मिळतं. तिथे गोळ्याच लागतात, आणि रक्त कशामुळे कमी झालं ते शोधावं लागतं.

आजाऱ्याला पाणी, घरच्यांना फोडी

दुसरा अन्याय सुपाचा. हाड मोडलं, डेंगू झाला, आजी अंथरुणाला खिळली की घरात पाय आणि हाडं उकळून अळणी पाणी केलं जातं. ते आजाऱ्याला आणि मांस बाकीच्यांना! पायांत कोलॅजन असतं, ते उकळून जिलेटिन होतं, म्हणून गार झाल्यावर सूप थिजतं. पण पोटात गेल्यावर इतर प्रथिनांसारखंच तेही पचतं, सरळ गुडघ्यात जाऊन बसत नाही. हाडांतलं कॅल्शियमही सुपात फारच थोडं उतरतं, एक पेला दूध त्याहून कितीतरी सरस. आणि डेंगूतल्या प्लेटलेट्स सुपाने वाढत नाहीत.

मग पाय, मान, सांगाडा टाकून द्यायचा का? अजिबात नाही. पाय गरम पाण्यात बुडवून वरची पिवळी साल सोला, नखं छाटा, सगळं मंद आचेवर उकळा. चव येते, तोंडाला रुची येते, पाणी पोटात जातं. मात्र त्यात मान-पाठीचं सुटलेलं मांस बारीक करून घाला, एखादं अंडं सोडा. बीपी किंवा किडनीचा रुग्ण असेल तर मीठ जपून.

उरलेलं जातं कुठे?

आतडी, गळ्याजवळची दाण्याची पिशवी, फुप्फुसं आणि पित्ताची पिशवी खाऊ नका. पण ती नाल्यात किंवा रस्त्याकडेलाही टाकू नका. तिथे भटकी कुत्री जमतात, आणि चावा शाळेत जाणाऱ्या पोराला बसतो. विहिरीपासून लांब, कुत्र्याला उकरता येणार नाही इतका खोल खड्डा खणा, चुना टाका, माती लोटा. पाळलेल्या कुत्र्याला द्यायचं तर मांसाचे तुकडे शिजवून द्या. शिजलेली हाडं देऊ नका, त्यांच्या टोकदार चिपा होतात.

घरात पाळायच्या गोष्टी:

• पित्ताची पिशवी न फोडता कलेजीपासून अलगद काढा.

• पेटा चिरून आतले खडे आणि पिवळं अस्तर काढून टाका.

• स्वयंपाकघरातल्या नळाखाली कच्चं मांस धुऊ नका, शिंतोड्यांतून साल्मोनेला आणि कॅम्पायलोबॅक्टर पसरतात. धुवायचंच तर बाहेर, भांड्यात, आणि ते पाणी खड्ड्यात.

• ज्या विळीवर कोंबडी कापली तिच्यावर कांदा-लिंबू चिरू नका. आधी विळी आणि हात साबणाने धुवा.

• कलेजी आत गुलाबी राहता कामा नये. नुसती वरून परतलेली कलेजी जुलाबाला आमंत्रण देते.

• कापल्यापासून दोन तासांच्या आत शिजवा किंवा फ्रिजमध्ये ठेवा.

• कोंबड्या अचानक मरायला लागल्या तर उरलेल्या घाईघाईने कापून खाऊ नका, पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवा. २००६ साली देशातला पहिला बर्ड फ्लू आपल्याच नवापुरात सापडला होता.

यातल्या एकाही गोष्टीला जादा पैसे लागत नाहीत. कोंबडी तीच, चूल तीच. बदलायचा आहे तो फक्त वाढण्याचा क्रम. पुढच्या वेळी कलेजी परतली की ती ताटली आधी घरात फिरू द्या: पाळी सुरू झालेल्या मुलीकडे, अंगावर पाजणाऱ्या सुनेकडे, दिवसभर चुलीपाशी उभ्या असलेल्या बाईकडे. बाहेर बसलेल्यांना शेंगदाणे पुरतील.