सरासरीचे गणित घरात आणा



आपल्या कितीतरी घरांतले एखादे पोर तालुक्याच्या कॉलेजात बी.कॉम. नाहीतर बी.बी.ए. करते आहे. त्याला संख्याशास्त्राचा एक पेपर असतो. सरासरी, मध्यक, प्रमाण विचलन, नमुना निवड. पुस्तकातली उदाहरणे चपलांच्या दुकानाची, विजेच्या दिव्यांच्या कारखान्याची, बँकेतल्या पगारांची. पोर सूत्रे पाठ करते, गाईडातली गणिते उतरवते, पास होते आणि पुस्तक रद्दीत जाते. बापालाही वाटते, हे दुकानदारीचे शास्त्र. आपला काय संबंध?

संबंध असा की पीक विमा, हमीभाव आणि बियाण्याची जाहिरात या तिन्ही ठिकाणी तुम्हाला-मला ज्या मापाने मोजले जाते ते माप याच पुस्तकातल्या पहिल्या चार प्रकरणांत आहे. मोजणाऱ्याला माप कळते, मोजला जाणाऱ्याला कळत नाही. काट्यावर कापूस घालताना आपण मापाड्याच्या हाताकडे डोळ्यांत तेल घालून बघतो. इथे मात्र काटा कुठे आहे हेच ठाऊक नसते.

आणि हे शास्त्र दुकानात जन्मले नाही, वावरात जन्मले. आयर्लंडमधील डब्लिनच्या गिनेस बिअर कारखान्यात गॉसेट नावाचा माणूस होता. जवाच्या चार-सहा प्रयोगांवरून वाणाबद्दल काय म्हणता येते, हा त्याचा धंद्याचा प्रश्न. त्याचे उत्तर त्याने 1908 मध्ये 'स्टुडंट' या टोपणनावाने छापले, कारण कंपनी नोकरांना स्वतःच्या नावाने छापू देत नव्हती. ती कसोटी आज धंदेशिक्षणाच्या प्रत्येक पुस्तकात आहे. 1919 पासून फिशरने इंग्लंडमधील रोथॅमस्टेडच्या शेती प्रयोगक्षेत्रावर पुढचे काम केले. आपल्याकडे 1940 च्या दशकात चिठ्ठीने शेते निवडून पीक कापणी करण्याची पद्धत बसवली ती सातारा जिल्ह्यातल्या बुधच्या पां. वा. सुखात्मे यांनी. त्यांचे सहकारी पानसे इंदूरच्या संस्थेत कपाशीवर काम केलेले. दोघांचे 1954 चे पुस्तक आम्हा कृषी पदवीधरांच्या पिढ्यांनी वापरले. म्हणजे विद्या आपल्याच मातीतली. वापरणारे तेवढे बदलले.

आता विमा घ्या. 2016 पासूनच्या पंतप्रधान पीक विमा योजनेत कापणी प्रयोगांवरून मिळणारी भरपाई तुमच्या शेताची नसते, महसूल मंडळाच्या सरासरीची असते. समजा, एका मंडळात ज्वारीचे सात वर्षांचे हेक्टरी उत्पन्न 900, 400, 1000, 700, 300, 800 आणि 600 किलो आले. यातली चांगली पाच वर्षे घ्यायची, सरासरी 800. तिला जोखीमस्तराने गुणायचे. तो 70 टक्के असेल तर उंबरठा उत्पन्न 560 किलो. यंदा मंडळाची सरासरी 600 आली तर एक पैसा मिळणार नाही, जरी चौथा हिस्सा पीक गेले असले तरी. 420 आली तर 560 मधून 420 वजा, उरले 140, म्हणजे उंबरठ्याच्या चौथा हिस्सा; भरपाई विमा रकमेच्या 25 टक्के. पीक जवळजवळ निम्मे बुडाले, भरपाई पाव. यात कोणी चोरी केलेली नाही, हे सूत्रच आहे. पण हे सूत्र पेरणीच्या आधी किती गावांत मांडून दाखवले गेले? 2023 मध्ये राज्यात एक रुपयात विमा सुरू झाला, 2025 मध्ये बंद झाला. दोन्ही वेळा चर्चा झाली ती हप्त्याची. उंबरठ्याबद्दल कोणी विचारले नाही.

सरासरी लपवते काय, तेही पाहा. एका शिवारात सात शेतकरी. एकरी कापूस 3, 3, 4, 4, 5, 12 आणि 18 क्विंटल. बेरीज 49, सरासरी 7. सातांपैकी पाच जण सरासरीच्या खाली! ओळीने उभे करून मधला माणूस पाहिला तर तो 4 क्विंटलवर आहे. यालाच मध्यक म्हणतात. नदीकाठच्या काळ्या रानातले, विहिरीवाले दोघे सगळ्या मुरमाड माळाला 'बरे' ठरवून मोकळे होतात. मंडळ जितके मोठे आणि जमीन जितकी विविध, तितका हा घोळ मोठा.

त्यापुढचा प्रश्न, प्रयोग किती? नियमाप्रमाणे महसूल मंडळाला किमान 10. शेताशेतातला फरक सरासरीच्या 40 टक्क्यांइतका असेल (कोरडवाहूत तो असतोच, पावसाची एक सर बांधाच्या अलीकडे पडते, पलीकडे पडत नाही), तर 10 शेतांवरून काढलेली सरासरी 12-13 टक्के इकडे-तिकडे सहज होते. कोणी लबाडी न करताही. ही चूक निम्मी करायची तर प्रयोग दुप्पट करून भागत नाही, चौपट लागतात. हा वर्गमुळाचा नियम आहे, त्याला खात्याचा जी.आर. बदलू शकत नाही. तेव्हा उंबरठा 560 आणि सरासरी 575 असा निकाल आला, तर प्रामाणिक माणूस एवढेच म्हणेल की भरपाई बसते की नाही हे या प्रयोगांवरून सांगता येत नाही. आपली मागणी हवी ती ही: मंडळाच्या सरासरीबरोबर तिच्यातली संभाव्य चूक जाहीर करा, निवडलेले सर्व्हे नंबर कापणीच्या आधी गावात लावा. 'विमा द्या, विमा द्या' या घोषणेने साहेब घाबरत नाही. त्याच्या आकड्यातली चूक किती, हे विचारल्यावर त्याला फाईल उघडावी लागते.

हमीभावाचेही तसेच. उत्पादन खर्च काढताना राज्याराज्यांच्या खर्चाची भारित सरासरी घेतात, आणि भार असतो उत्पादनाचा. दोनच शेतकरी धरू. ओलिताचा एकरी 40,000 रुपये घालून 10 क्विंटल काढतो, क्विंटलला 4,000. कोरडवाहू 28,000 घालून 4 काढतो, क्विंटलला 7,000. साधी सरासरी 5,500. उत्पादनाच्या भाराने मात्र 68,000 भागिले 14, म्हणजे 4,857. ज्याचे पीक कमी त्याचे मत कमी, असा हा हिशेब. देशभर एकच हमीभाव आणि आपला कापूस बहुतांश पावसावरचा. विदर्भ-मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला खर्चाचा आकडा वाचून आपला वाटत नाही, त्याचे एक कारण इथे आहे. 2018-19 पासून खर्चाच्या दीडपट भाव देतो म्हणून सरकार सांगते. त्यात धरलेला खर्च म्हणजे रोखीचा खर्च आणि घरच्यांची मजुरी. स्वतःच्या जमिनीचा खंड आणि स्वतःच्या भांडवलाचे व्याज त्यात नाही.

बियाण्याच्या पोस्टरवरचा बोंडांनी लगडलेला फोटो हा निवडून काढलेला नमुना. त्यावरून काहीच सिद्ध होत नाही. पण व्यासपीठावरून सगळ्यात वाईट वावर दाखवून 'सगळ्या जिल्ह्याची हीच गत' म्हणणारा वक्ताही तेच करतो, मग तो आपल्या बिल्ल्याचा का असेना. वाण पारखायचा तर नवा विहिरीजवळ आणि जुना माळावर लावू नका. एकाच रानात दोन्हींचे चार-चार ओळींचे पट्टे आलटून-पालटून टाका, निदान चार वेळा. कोणता पट्टा कुठे, ते नाणे उडवून ठरवा. प्रत्येक वेचणीला पट्ट्यापट्ट्याचे वेगळे वजन लिहा. चारही जोड्यांत एकच वाण पुढे राहिला तर विचार करा. दोनात पुढे, दोनात मागे असेल, तर जास्तीच्या पाकिटाचे पैसे वाचले.

या हंगामात प्रत्येक गावाने एक काम करावे. सगळ्या कापूसवाल्यांची नावे चिठ्ठ्यांवर लिहून डब्यात घाला आणि लहान पोराकडून दहा काढा. पुढाऱ्याचे नाव निघाले नाही तर निघाले नाही; चिठ्ठी बदलायची नाही. त्या दहा शेतांची लावणी किती एकर, वेचणीनिहाय वजन किती, हे वहीत लिहून ठेवा. बी.कॉम.ची पोरे-पोरी त्याची सरासरी, मध्यक आणि फरक काढतील. त्यांच्या पुस्तकात सूत्र आहेच. शेवटच्या वेचणीनंतरच्या जिल्हा बैठकीला वह्या घेऊन या. मंडळाचा सरकारी आकडा आला की दोन्ही एकाच फळ्यावर मांडू.