उताऱ्यावरची सही

आपल्या मंडळींत आज असे घर विरळाच, ज्यातील एखादा मुलगा, मुलगी, सून अथवा जावई संगणकाच्या कंपनीत नोकरीस नाही. इंदूर असो, बडोदे असो, हैदराबाद असो की बेळगाव. ‘काय काम करतो?’ या प्रश्नास ‘रिक्वायरमेंट्स लिहितो’ असे उत्तर आले, की विचारणारा समजल्यासारखी मान डोलावतो आणि चहाचा पेला उचलतो. संगणकास आज्ञा लिहून देणे म्हणजे काय, याची अंधुक कल्पना आता सर्वांस आहे. परंतु या रिक्वायरमेंट्स कोणत्या, त्या लिहिण्यास शिकल्यासवरल्या माणसांना महिनेच्या महिने का लागावेत, आणि शेवटी त्या वर्डच्या दस्तऐवजात ‘एक्स्पोर्ट’ करावयाच्या म्हणजे नेमके काय करावयाचे, हे सहसा कोणी समजावून सांगत नाही. हे शेवटचे काम वरवर कारकुनी वाटते. वस्तुतः सही करणाऱ्याच्या हिताचे बरेच काही त्याच पायरीवर ठरत असते.

रिक्वायरमेंट म्हणजे काय, हे समजण्यास आपल्याकडील लग्नाची ‘याद’ आठवावी. लग्न जमले, की दोन्ही पक्षांची वडीलधारी मंडळी एकत्र बसून याद करीत. कार्यालय कोणी घ्यावयाचे, पंगती किती, वऱ्हाडाची उतरण्याची सोय कोणाकडे, मानपान कोणाचे, हे एकेक कलम कागदावर येई. कागदास कुंकू लागे, खाली सह्या होत, आणि एकेक प्रत दोन्ही घरी जाई. ऐन मांडवात कुरबूर निघाली, तर ‘हे यादीत होते का?’ एवढाच प्रश्न पुरे होई. बँकेला किंवा इस्पितळाला नवी संगणकप्रणाली करून घ्यावयाची असली, म्हणजे घेणारा आणि करून देणारा यांच्यामध्येही अशीच याद व्हावी लागते. ‘खातेदाराने तीन वेळा चुकीचा परवलीचा शब्द दिल्यास खाते तात्पुरते बंद झाले पाहिजे’ हे तिच्यातील एक कलम. अशा एकेका कलमास रिक्वायरमेंट म्हणतात. आपण त्यास ‘आवश्यकता’ म्हणू.

ही कलमे लिहिण्याचे एक शास्त्रच बनले आहे. अमेरिकेतील विद्युत् अभियंत्यांच्या ‘आय ट्रिपल ई’ या संस्थेने १९८४ मध्ये ८३० क्रमांकाची मार्गदर्शिका काढली. तिची शेवटची सुधारित आवृत्ती १९९८ ची. पुढे २०११ मध्ये तिची जागा २९१४८ क्रमांकाच्या आंतरराष्ट्रीय मानकाने घेतली आणि तेही २०१८ मध्ये सुधारले गेले. कलम असंदिग्ध असावे, दुसऱ्या कलमाशी विसंगत नसावे, ते पाळले गेले की नाही हे तपासता यावे, आणि ते कोठून आले याचा माग काढता यावा, असे या मार्गदर्शिकांचे सांगणे आहे. क्रियापदांचाही कस लागतो. इंटरनेटचे नियम लिहिणाऱ्यांनी मार्च १९९७ मध्ये ‘मस्ट’, ‘शुड’ आणि ‘मे’ या तीन शब्दांचे अर्थ एका स्वतंत्र टिपणात बांधून टाकले. आपल्या भाषेत हाच भेद ‘झालेच पाहिजे’, ‘व्हावे’ आणि ‘झाले तरी चालेल’ असा सहज करता येतो. मात्र ‘व्हावे’ लिहून मनात ‘झालेच पाहिजे’ ठेवणाऱ्याचे पुढे भांडण ठरलेले.

लग्नाची याद एका कागदावर मावते. मोठ्या प्रणालीची कलमे शेकड्यांनी, कधी हजारांनी मोजावी लागतात, आणि काम चालू असता ती रोज बदलतात. एक कलम मध्ये घातले, की पुढील सारे क्रमांक सरकतात, आणि ‘कलम ४२ पाहा’ असे जेथे जेथे लिहिले असेल तेथे तेथे चूक शिरते. म्हणून जाणती मंडळी ही कलमे थेट वर्डमध्ये न लिहिता एखाद्या खास दप्तरात ठेवतात. आयबीएमचे ‘डोअर्स’, सीमेन्सचे ‘पोलॅरिअन’ ही अशी दप्तरे होत. त्यात प्रत्येक कलम ही स्वतंत्र नोंद असते आणि तिला कायमचा क्रमांक असतो; कलम रद्द झाले तरी तो क्रमांक दुसऱ्यास देत नाहीत. नोंदीपुढे रकाने असतात: कलमाचा मजकूर, ते कोणी मागितले, का मागितले, किती निकडीचे, ते पुरे झाले हे कोणत्या चाचणीने ठरावयाचे, आणि आज त्याची स्थिती काय.

मग वर्ड हवे कशाला? कारण सही करणारा दप्तर उघडत नाही. बँकेचे संचालक, सरकारी खात्यातील अधिकारी, कराराची भाषा तपासणारे वकील, औषधांच्या वा विमानांच्या क्षेत्रातील नियामक, या कोणालाही ते साधन चालवता येत नसते आणि येण्याची अपेक्षाही नसते. त्यांना हवा असतो पाने उलटता येतील, समासात शेरा मारता येईल आणि करारास जोडता येईल असा दस्तऐवज. दप्तरातून तो काढणे म्हणजे एक्स्पोर्ट. याला ‘निर्यात’ म्हटले तर जहाजे डोळ्यांपुढे येतात. आपल्याकडे याला फार जुना आणि नेमका शब्द आहे: उतारा. महाराष्ट्रात आणि गुजरातेत ज्यांची जमीन आहे, त्यांना सातबाराचा उतारा ठाऊक असतो. गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा या नोंदवह्यांतील माहिती ठरलेल्या नमुन्यात उतरवून मिळते. जमिनीची नोंद दप्तरात राहते. उतारा हे तिचे एका दिवसाचे चित्र.

त्या ‘नमुन्या’लाच संगणकाच्या व्यवहारात ‘टेम्प्लेट’ म्हणतात. आपण साचा म्हणू. साचा हाही एक वर्डचाच दस्तऐवज असतो. त्यात मुखपृष्ठ, संस्थेची मुद्रा, अनुक्रमणिकेची जागा, पानाच्या माथ्यावरील व तळावरील ओळी आधीच मांडलेल्या असतात; आणि जेथे माहिती यावयाची तेथे ‘येथे क्रमांक’, ‘येथे मजकूर’ अशा अर्थाच्या खुणा असतात. तक्त्याची एकच ओळ साच्यात असते. दप्तरातील जितक्या नोंदी, तितक्या वेळा ती ओळ उमटते. लग्नपत्रिका छापणारा पत्रिकेची जुळणी तशीच ठेवून नावे आणि मुहूर्त तेवढे बदलतो, त्यातलाच हा प्रकार. आपल्या मंडळाचे चिटणीस सभासदांच्या यादीवरून वर्गणीची पत्रे ‘मेल मर्ज’ने काढतात, तेव्हा तेही हेच करीत असतात.

हे शक्य होते, याचे कारण वर्डच्या फाइलची अंतर्रचना. २००७ च्या आवृत्तीपासून वर्ड जी ‘डॉक्एक्स’ जातीची फाइल करते, ती प्रत्यक्षात अनेक लहान फाइलींचे गाठोडे असते. एका फाइलीत मजकूर, दुसरीत शैली म्हणजे मथळा कसा व परिच्छेद कसा याचे नियम, चित्रे आणखी वेगळ्या फाइलींत. ही रचना डिसेंबर २००६ मध्ये एका मानकसंस्थेचे मानक म्हणून आणि २००८ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक म्हणून प्रसिद्ध झाली. त्यामुळे वर्ड न उघडताही दुसरी साधने अशी फाइल तयार करू शकतात. मजकूर आणि वेष वेगळे ठेवले असल्याने साचा बदलला, की तीच कलमे वेगळ्या पेहरावात उभी राहतात. मथळे अक्षर जाड करून सजवलेले नसून ‘हेडिंग’ या शैलीने बांधलेले असले, तरच अनुक्रमणिका आपोआप तयार होते. देवनागरीत दस्तऐवज काढणाऱ्यांनी आणखी एक दक्षता घ्यावी. रोमन अक्षरांचा टंक आणि देवनागरीसारख्या लिपींचा टंक यांची नोंद या फाइलीत वेगवेगळी होते. साच्यात पहिलाच ठरवून दुसरा विसरला, तर इंग्रजी शब्द डौलदार आणि मराठी शब्द भलत्याच वळणाचे, असा विजोड मजकूर पदरी पडतो.

येथवर सारे सोयीचे झाले. आता गोष्ट जबाबदारीची. दप्तरात दहा रकाने असतील. पानाची रुंदी मात्र ठरलेली. साचा करणारा त्यांतील चार-पाच निवडतो आणि बाकीचे गाळतो. क्रमांक राहतो, मजकूर राहतो, निकड राहते. बहुधा पहिला बळी जातो तो ‘का’ या रकान्याचा. कारण त्यातील मजकूर लांब असतो आणि तक्ता बेढब दिसतो. गाळलेला रकाना सही करणाऱ्यास दिसत नाही, आणि जे दिसत नाही त्यावर तो प्रश्नही विचारू शकत नाही.

या ‘का’चे मोल किती, हे युरोपच्या एका अग्निबाणाने दाखवून दिले. ४ जून १९९६ रोजी दक्षिण अमेरिकेतील फ्रेंच गयानामधून ‘एरियन ५’चे पहिले उड्डाण झाले. उड्डाणाचा क्रम सुरू झाल्यापासून सुमारे ४० सेकंदांत, जेमतेम ३,७०० मीटर उंचीवर तो वाट सोडून वळला आणि फुटला. त्याची दिशा सांगणाऱ्या यंत्रातील कार्यक्रम आधीच्या ‘एरियन ४’वरून घेतलेला होता. आडव्या वेगाशी संबंधित एक मोठी संख्या १६ बिटांच्या जागेत कोंबली जात होती. त्या जागेत ३२,७६७ हून मोठी संख्या मावत नाही. नवा बाण आडवा वेग फार लवकर घेई, म्हणून संख्या मावली नाही आणि यंत्र बंद पडले. गणितज्ञ झाक-लुई लिओन्स यांच्या अध्यक्षतेखालील चौकशी मंडळाने जुलै १९९६ मध्ये अहवाल दिला. अशा धोक्याच्या सात संख्या होत्या. चारींना संरक्षण दिले होते, तीन मोकळ्या सोडल्या होत्या. त्या मोकळ्या का सोडल्या, याचे कारण लिहिलेले होते. पण कागदपत्रांच्या ढिगाऱ्यात ते बाहेरच्या तपासनिसांच्या दृष्टीआड गेले होते. शिवाय नव्या बाणाच्या मार्गाची माहिती त्या यंत्राच्या आवश्यकतांत घालावयाची नाही, असे संबंधितांनी मिळून ठरवले होते. समर्थनाच्या कागदांकडे प्रत्यक्ष कार्यक्रमाइतकेच लक्ष द्यावे, ही मंडळाची एक शिफारस होती.

हा अपघात एखाद्या साच्यामुळे झाला, असे कोणी म्हणणार नाही. परंतु कारण लिहिलेले असणे आणि ते तपासणाऱ्याच्या नजरेस पडणे यांत केवढे अंतर आहे, हे त्यावरून कळते. ते अंतर कमी करणे किंवा वाढवणे हे साचा करणाऱ्याच्या हाती असते. म्हणून रकाना रिकामा असला तरी तो छापावा. ‘कारण’ या मथळ्याखाली कोरी जागा दिसली, तर निदान कोणी बोट ठेवून विचारील.

दुसरा धोका उतारा काढल्यानंतरचा. बैठकीत कोणी सुचवतो, ‘हे वाक्य जरा बदला’, आणि हाताशी वर्डची फाइल असल्याने तेथेच ते बदलले जाते. सही बदललेल्या वाक्यावर होते. दप्तरात जुने वाक्य राहते. काम करणारे दप्तर पाहून काम करतात. ‘ध’चा ‘मा’ करण्याची आख्यायिका आपणांस नव्याने सांगावयास नको. १७७३ मधील नारायणराव पेशव्यांच्या खुनामागे खरोखर ते अक्षर होते की नाही, यावर इतिहासाचे अभ्यासक वाद घालोत. हुकूम एक आणि हाती पडलेला कागद दुसरा असला म्हणजे काय होते, एवढे तो वाक्प्रचार पक्के सांगतो. सातबाराच्या उताऱ्यावर पेनाने नाव घातल्याने जमीन कोणाची होत नाही. फेरफार दप्तरातच व्हावा लागतो. येथेही रीत तीच: सूचना उताऱ्यावर लिहाव्यात, बदल दप्तरात करावा आणि उतारा नव्याने काढावा. काही साधनांत सुधारलेली वर्डची फाइल पुन्हा दप्तरात घेण्याची सोय असते, पण तीही कलमांचे क्रमांक शाबूत असतील तरच कामाची. दोन कंपन्यांना एकमेकींची कलमे केवळ वाचावयाची नसून पुढे चालवावयाची असतील, तर वर्डच्या वाटेने जाऊच नये. त्यासाठी ‘रेक-इफ’ नावाचा स्वतंत्र विनिमय-नमुना २०११ पासून उपलब्ध आहे.

आपल्यापैकी अनेक जण शाळेचे, पतसंस्थेचे, धर्मादाय दवाखान्याचे विश्वस्त आहेत. हिशेबाची किंवा रुग्णनोंदणीची नवी प्रणाली घेताना असा जाडजूड दस्तऐवज त्यांच्यापुढे येतो आणि शेवटच्या पानावर सहीसाठी बोट दाखवले जाते. अशा वेळी चार गोष्टी पाहाव्यात. प्रत्येक पानावर आवृत्ती आणि उतारा काढल्याची तारीख आहे का? प्रत्येक कलमास स्वतःचा क्रमांक आहे का? ते पुरे झाले हे कसे तपासणार, हे लिहिले आहे का? आणि ते का हवे, याचा रकाना आहे का? यांतील एखादा रकाना नसेल, तर तो दप्तरात आहे की नाही हे आधी विचारावे. असल्यास साच्यात तो घालून नवा उतारा मागावा. ते काम फार तर तासाभराचे असते. दप्तरातच नसेल, तर ती याद अजून पुरी झालेली नाही असे समजावे आणि सही पुढच्या बैठकीपर्यंत राखून ठेवावी.