मुलांना झडत्या रचू द्या

विदर्भाबाहेरच्या मराठी माणसाला तान्हा पोळा सहसा माहीत नसतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, भाद्रपद शुद्ध प्रतिपदेला, आमच्या भंडारा जिल्ह्यात पोरं लाकडी नंदी घेऊन निघतात. कुणाचा नंदी मुठीत मावतो, कुणाचा पोराच्या छातीपर्यंत येतो. पायांखाली लाकडी चाकं, गळ्यात घुंगरं, शिंगांना बेगड, पाठीवर आईच्या जुन्या साडीतून बेतलेली झूल. दारोदारी नंदीला ओवाळतात आणि ओढणाऱ्याच्या हातावर बोजारा पडतो, म्हणजे खाऊ किंवा नाणी. नागपूरच्या दुसऱ्या रघुजी भोसल्यांनी १८०६ मध्ये ही प्रथा सुरू केली, मुलांना बैलाचं मोल कळावं म्हणून, असं आमच्याकडे मानतात. भंडाऱ्याचा मुलूखही तेव्हा त्यांच्याच राज्यात होता. मोठ्यांच्या सणात पोरांना काठावर उभं करून ‘बघा’ म्हणण्यापेक्षा त्यांच्या मापाचा बैल त्यांच्या हाती द्यावा, हे ज्याला सुचलं त्याला मूल कळलं होतं.

हा सण इथे परदेशात आपल्या मंडळाच्या मराठी वर्गात यावा आणि त्याच्याबरोबर झडती यावी, हे माझं म्हणणं आहे.

झडती काय ते आधी सांगते. पोळ्याच्या संध्याकाळी गावाबाहेर आखरावर, म्हणजे गुरं जमतात त्या मोकळ्या जागेवर, बैलजोड्या आंब्याच्या तोरणाखाली ओळीनं उभ्या असतात. डफडं वाजत असतं. पोळा फुटायच्या, म्हणजे तोरणाखालून बैल सुटायच्या आधी गर्दीतून एखादा गडी पुढे होतो आणि खड्या आवाजात चार यमकी ओळी फेकतो. त्यांत महादेव-पार्वती असतात, धानाचा पडलेला भाव असतो, न आलेला पाऊस असतो, मतं मागून गायब झालेला पुढारी असतो, कधी शेजाऱ्याचा कंजूषपणाही असतो. शेवटी ‘हर हर महादेव’चा गजर होतो. तो विरतो न विरतो तोच समोरच्या बाजूनं दुसरी झडती येते, पहिलीला उत्तर देणारी. पाठ केलेल्या जुन्या झडत्या बऱ्याच असतात, पण लोक लक्षात ठेवतात ती तिथल्या तिथे जुळवलेली. ज्यांना सही करण्यापुरतंच लिहिता येत होतं, अशी माणसं मी लहानपणी तिथे यमकावर यमक चढवताना ऐकली आहेत.

आता आपले वर्ग पाहू. परदेशातल्या मराठी वर्गांत शिकवणारे पालक रविवारची झोप मोडून येतात, स्वतःच्या खिशातून खडू-कागद आणतात. त्यांच्या कष्टांबद्दल मला शंका नाही. माझी तक्रार रचनेबद्दल आहे. पाऊण तास वाचन, लेखन आणि विभक्ती, मग उरलेली दहा मिनिटं ‘गंमत’. त्या दहा मिनिटांत मुलं एकमेकांशी इंग्रजीत बोलतात, कारण मराठी हे काम आणि काम संपलेलं आहे, असं आपणच वेळापत्रकातून त्यांना सांगितलेलं असतं. गंमत ही अभ्यासाची बक्षिसी ठरवली की अभ्यास ही शिक्षा ठरते. रंगीत चित्रांची कार्डं आणून हे बदलत नाही. वाघाच्या चित्राखाली ‘वाघ’ लिहायला लावणं ही परीक्षाच आहे, वाघ कितीही देखणा असला तरी.

मुलाला त्या भाषेची गरज पडली पाहिजे. झडतीत ती पडते. समोर माणसं उभी आहेत, त्यांना हसवायचं आहे, शेवटचा शब्द जुळवायचा आहे आणि उत्तर येण्याआधी जुळवायचा आहे. गेल्या वर्षी आमच्या वर्गात मी हा प्रयोग केला. आठ-नऊ वर्षांच्या मुलांना बुटांच्या खोक्यांचे आणि लाकडी ठोकळ्यांचे बैल करायला दिले, दोन बाजू पाडल्या आणि म्हटलं, कुणाबद्दलही बोला, फक्त यमक जुळलं पाहिजे. पहिली पंधरा मिनिटं नुसती कुजबुज होती. मग एका मुलानं उभं राहून म्हटलं:

आमचा बैल लाकडाचा, गवत काही खाईना
बाबा बसले फोनवर, अंगणात कुणी येईना!

मागे उभे असलेले पालक आधी दचकले, मग हसले, आणि सगळ्या पोरांनी मिळून हर हर महादेव केलं. ‘खात नाही’ आणि ‘खाईना’ यांतला फरक त्या मुलाला मी कधी शिकवला नव्हता. फोनवर आजीकडून ऐकलेलं ते रूप त्यानं यमकासाठी वापरलं होतं. लगेच दुसऱ्या बाजूच्या मुलीला ‘होईना’, ‘देईना’ सुचू लागलं. एक आख्खं क्रियारूप वर्गात फिरलं आणि फळ्यावर मला एक अक्षर लिहावं लागलं नाही.

खेळात व्याकरण कच्चं राहतं, हा आक्षेप म्हणूनच मला पटत नाही. यमक जुळवणाऱ्याला लिंग-वचन चुकवून चालत नाही, चुकलं की समोरची बाजूच ओरडते. बाईंनी लाल पेनानं दाखवलेली चूक मूल विसरतं. मैत्रिणीनं पकडलेली विसरत नाही. रशियन बालसाहित्यिक कोर्नेई चुकोव्स्की यांनी लहान मुलांच्या बोलण्याच्या वर्षानुवर्षं नोंदी ठेवल्या आणि एक गोष्ट ठासून मांडली: मुलांना उलटंपालटं, अशक्य असं यमक आवडतं, कारण सुलटं काय ते त्यांना नीट ठाऊक असतं आणि ते ठाऊक असल्याचा आनंद त्यांना त्यातून मिळतो. परक्या भाषेच्या मुलखात वाढणाऱ्या मुलाला हा आनंद मराठीत मिळाला, तर ते मराठी सोडणार नाही.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. अपार्टमेंटमध्ये राहणाऱ्या मुलांना बैलाचं काय? पण बैल आता भंडाऱ्यातही कमी झाले आहेत, चिखलणीला ट्रॅक्टर आला आहे. तरी तान्हा पोळा टिकला, अगदी शहरातल्या गल्ल्यांतही, कारण त्याला गोठा लागतच नाही. आणि बैलाच्या मागून मुलांचे प्रश्न निघतात, ते आपण मराठीत झेलायचे. खांदशेकणी म्हणजे काय? पोळ्याच्या आदल्या दिवशी जू वाहून दुखलेला खांदा तूप-हळद लावून शेकतात आणि बैलाला उद्याच्या जेवणाचं आवतण देतात. हे ऐकून एका मुलीनं विचारलं, मग तो हो कसा म्हणतो? त्यावर वर्ग वीस मिनिटं मराठीत भांडला.

प्राण्यांबद्दल बोलायचं तर भंडाऱ्याकडे सारस आहे. महाराष्ट्रात हा पक्षी आता जवळजवळ फक्त गोंदिया-भंडाऱ्याच्या धानपट्ट्यात उरला आहे. धानाच्या बांध्यांत घरटं करतो, अंडी नर-मादी दोघं आळीपाळीनं उबवतात आणि मान ताठ केली की सहा फुटांच्या आसपास जातो. मी भिंतीवर खडूनं तेवढी रेघ मारली आणि मुलांना एकेक करून खाली उभं केलं. आपल्यापेक्षा उंच पक्षी धानाच्या शेतात उभा असतो, हे कळल्यावर त्याच्याबद्दल कोडी घालायला कुणाला सांगावं लागलं नाही. ‘डोकं लाल, पाय काठ्या, बायकोबरोबर राखतो वाट्या’ यातल्या वाट्या म्हणजे अंडी, हे मलाही ओळखता आलं नाही.

इतिहासही असाच हाती देता येतो. भंडारा हा तलावांचा जिल्हा. गोंड राजांच्या काळात कोहळी समाजानं जमिनीचा उतार वाचून तलाव बांधले आणि एकाचं जादा पाणी दुसऱ्याला मिळेल अशी साखळी केली. पुढे ते मालगुजारी तलाव म्हणून ओळखले गेले. याचा धडा वाचून दाखवला तर दहा वर्षांचं मूल जांभई देईल. परातीत ओली वाळू आणि तांब्याभर पाणी द्या आणि म्हणा, तीन शेतांना पाणी पुरव. दोनदा पाळ फुटते, तिसऱ्यांदा मूल सांडवा काढतं. मग ‘हे कोहळ्यांनी केलं होतं’ एवढंच सांगा. ते नाव पुसलं जात नाही.

एक सूचना वर्ग घेणाऱ्यांसाठी. साकोलीकडचे डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी ज्या झाडीबोलीसाठी आयुष्य वेचलं, तीत ‘ण’चा न होतो, ‘ळ’चा र होतो. आमच्या पूर्व विदर्भातल्या आज्या तशाच बोलतात. नातवानं झडतीत ‘पानी’ म्हटलं तर त्याला थांबवून ‘पाणी’ करू नका. कोकणातल्या, खानदेशातल्या, मराठवाड्यातल्या घरांनाही हेच लागू. आजीचा शब्द वर्गात चुकीचा ठरला की मूल तो पुन्हा आजीला विचारायला जात नाही, आणि परदेशात आजीइतकी मराठी दुसऱ्या कुणाकडे नसते.

तेव्हा कार्यकारिणीकडे माझी मागणी अशी. तान्ह्या पोळ्यानंतर तीनच दिवसांत गणपती येतात. आपला हॉल त्या शनिवार-रविवारी ठरलेलाच असतो. आरतीआधीचा एक तास मुलांना द्या. बैल विकत आणू नका, घरच्या खोक्यांचे आणि लाकडाचे करू द्या. आंब्याची पानं मिळत नसतील तर मेपलची चालतील. माईक नको, खड्या आवाजात म्हणू द्या. परीक्षक आणि नंबर तर मुळीच नकोत, बोजारा प्रत्येकाला मिळाला पाहिजे, आणि तो झडती म्हटल्यावर. मंडळाबद्दल, जेवणाच्या रांगेबद्दल, लांबलेल्या भाषणांबद्दल मुलं काहीही म्हणाली तरी कुणी रागवायचं नाही. मोठ्यांनीही आपापली एकेक झडती तयार ठेवावी, कारण पोरांची झाली की ती समोरून उत्तर मागणार आहेत.