विश्लेषण : व्हॉट्सअ‍ॅपवरचा अंगठा म्हणजे ‘मान्य’ की नुसतेच ‘मिळाले’?

सोसायटीची नोटीस असो वा साहेबांचा मेसेज, अनेक जण अंगठ्याचा इमोजी टाकून मोकळे होतात. मराठीत कागदावर अंगठा उठवला की व्यवहार पक्का आणि कुणाला अंगठा दाखवला की नकार! मग मोबाइलवरच्या अंगठ्याचा अर्थ काय? हा प्रश्न दोन देशांतील न्यायालयांपुढे आला आणि उत्तरे वेगवेगळी मिळाली.

कॅनडात काय घडले?
मार्च २०२१ मध्ये सस्कॅचेवान प्रांतातील एका धान्य खरेदी कंपनीने जवस खरेदीच्या करारावर सही केली आणि त्याचा फोटो शेतकऱ्याला पाठवून ‘करार निश्चित करा’ असे कळवले. शेतकऱ्याने अंगठा पाठवला. नोव्हेंबरमध्ये माल आलाच नाही. तोवर जवसाचे भाव दुपटीहून अधिक झाले होते. ‘करार मिळाला, एवढेच सांगायचे होते,’ असा शेतकऱ्याचा बचाव होता. पण आधीचे करारही त्याने ‘ओके’सारख्या त्रोटक उत्तरांनीच पक्के केले होते. त्यामुळे २०२३ मध्ये न्यायालयाने अंगठा हीच सही मानून सुमारे ८२ हजार कॅनेडियन डॉलर भरपाईचा आदेश दिला. अपिलातही २०२४ मध्ये तो कायम राहिला.

मद्रास उच्च न्यायालय काय म्हणाले?
रेल्वे सुरक्षा दलातील एका अधिकाऱ्याच्या हत्येसंबंधीच्या मेसेजवर एका जवानाने ग्रुपमध्ये हाच इमोजी टाकला. हत्येचा आनंद साजरा केल्याचा ठपका ठेवून त्याला नोकरीतून काढण्यात आले. हा इमोजी म्हणजे मेसेज पाहिल्याची पोच, ‘ओके’चा पर्याय, आनंदोत्सव नव्हे, असे सांगत २०२४ मध्ये खंडपीठाने त्याला कामावर परत घेण्याचा आदेश कायम ठेवला.

फरक कशामुळे पडला?
समोरच्याने काय विचारले आणि आधीचा शिरस्ता काय, यावरून. कॅनडात थेट होकार मागितला होता. जवानाला कुणी काही विचारलेच नव्हते.

भारतात काळजी काय घ्यावी?
भारतीय करार कायदा, १८७२ नुसार होकार शब्दांतच असावा लागतो असे नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम १०अ नुसार, केवळ इलेक्ट्रॉनिक माध्यमातून झाला म्हणून करार रद्द ठरत नाही. त्यामुळे भाडे, मालाचा दर, उसनवारी असा पैशांचा विषय असेल तर अंगठ्याऐवजी ‘मिळाले, वाचून कळवतो’ एवढे लिहावे. तीन शब्दांचे कष्ट, पण पुढचा वाद टळतो.