मोहरीच्या दाण्यात काय निवडायचे?

मराठी स्वयंपाकघरात मोहरी फोडणीपुरती येते. राजस्थानपासून बंगालपर्यंत मात्र ती तेलाच्या रूपाने रोज पोटात जाते. त्यामुळे मोहरीच्या दाण्यात काय असावे, हा प्रश्न शेतीइतकाच आरोग्याचाही आहे. देशाला लागणारे निम्म्याहून अधिक खाद्यतेल बाहेरून येते, म्हणून मोहरीची चर्चा बहुतेक वेळा उत्पादनापाशी सुरू होते आणि तिथेच संपते. दर्जाची चर्चा मागे राहते.

आपल्या पारंपरिक वाणांच्या तेलात ४० ते ५० टक्के इरुसिक आम्ल असते. हे आम्ल भरपूर खाऊ घातलेल्या उंदरांच्या हृदयाच्या स्नायूत मेद साठल्याचे १९७०च्या सुमारास दिसून आले. माणसात असा अपाय सिद्ध झालेला नाही, त्यामुळे घाबरून जाण्याचे कारण नाही. तरीही अनेक देशांनी खबरदारी म्हणून या आम्लावर मर्यादा घातली. अमेरिकेत तर घाण्याचे मोहरीतेल खाण्यासाठी विकता येत नाही. दाण्यातला दुसरा घटक ग्लुकोसिनोलेट. मोहरीचा झणका त्याचाच. पण तो पेंडीत जास्त उतरला, तर जनावरे ती कमी खातात आणि त्यांच्या थायरॉइड ग्रंथीवरही परिणाम होतो.

यावरचा उपाय सापडला तो निसर्गातल्या विविधतेत. कॅनडातील शास्त्रज्ञांनी मोहरीच्या जवळच्या रेपसीड या पिकाचे अनेक वाण तपासले. ‘लिहो’ या जर्मन चाऱ्याच्या वाणात इरुसिक आम्ल कमी असलेली झाडे मिळाली, तर ‘ब्रोनोव्स्की’ या पोलिश वाणात ग्लुकोसिनोलेट कमी निघाले. इवल्याशा दाण्याचे एक बीजदल काढून तेल तपासायचे आणि गर्भासह उरलेला भाग पेरायचा, अशी युक्तीही तिथे निघाली. त्यामुळे झाड वाढण्याआधीच निवड करता येऊ लागली. दोन्ही गुण एकत्र आणणारा ‘टॉवर’ हा वाण १९७४मध्ये आला. तेच आजचे कॅनोला.

भारतीय मोहरीत हे काम अधिक अवघड. इरुसिक आम्ल मुख्यतः दोन जनुकांच्या हाती आहे. त्यामुळे जास्त इरुसिकचा आणि शून्य इरुसिकचा वाण यांचा संकर केला, तर दुसऱ्या पिढीत साधारण १६ दाण्यांत १ हवा तसा मिळतो. ग्लुकोसिनोलेटमागे मात्र अनेक जनुके आहेत. तिथे हजारो झाडे चाळावी लागतात. शिवाय आपल्या वाणांत हे गुण जवळजवळ नव्हतेच. ते परदेशी वाणांतून आणावे लागले. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेचे ‘पुसा मस्टर्ड ३०’ आणि ‘पुसा डबल झिरो मस्टर्ड ३१’ हे वाण अशाच दीर्घ निवडीचे फळ आहेत.

पण प्रत्येक निवडीची किंमत असते. ग्लुकोसिनोलेट हे झाडाचे संरक्षणही आहे. ते सरसकट कमी केले, तर किडींना रान मोकळे मिळू शकते. म्हणून दाण्यात कमी, पानांत पुरेसे अशा झाडांवर आता संशोधन सुरू आहे. चवीचेही तसेच. झणका गेलेले तेल बंगाली घरात मोहरीचे म्हणून चालेल का, हा प्रश्न प्रयोगशाळेत सुटणारा नाही.

खरी अडचण बाजारात आहे. मधमाश्यांमुळे शेजारच्या शेतातले पराग येतात आणि शुद्धता टिकवणे कठीण जाते. एवढे करून पिकवलेले कमी इरुसिकचे बियाणे आडतीवर सामान्य मोहरीत मिसळले जाणार असेल, तर शेतकऱ्याने ते का पेरावे? अशा मोहरीची वेगळी खरेदी, तिला वाढीव भाव आणि बाटलीवर इरुसिकच्या प्रमाणाची नोंद या तीन गोष्टी झाल्या, तरच संशोधन ताटापर्यंत पोहोचेल.

त्याचबरोबर जुने, ‘कमी प्रतीचे’ समजले जाणारे वाणही जपायला हवेत. जर्मनीतला तो चाऱ्याचा वाण तेलासाठी कुणी लावला नव्हता. तो निरुपयोगी म्हणून टाकून दिला असता, तर ‘टॉवर’ची वाट तिथेच अडली असती. उद्या कोणता गुण लागेल, हे आज सांगता येत नाही. निवड करायची, तर निवडायला काही शिल्लक असावे लागते.