खाट ही भिक्षा नव्हे!



एप्रिल २०२१ चे दिवस आठवा. कोरोनाची दुसरी लाट महाराष्ट्रभर पसरली होती आणि रुग्णालयाच्या दारी एकच उत्तर मिळत होते : "खाट शिल्लक नाही." श्वासासाठी तडफडणारा बाप रिक्षात आणि मुलगा या दारातून त्या दारी धावतो आहे, हे दृश्य आपणांपैकी अनेकांनी पाहिले. बाप गेला, आणि सांत्वनाला आलेले म्हणाले, "नशिबात नव्हते!"

माझा आक्षेप या वाक्यावर आहे. पटकी आली की मरीआईचा कोप समजून तिचा गाडा शिवेपार नेण्याची रूढी आपल्या वाडवडिलांनी पाळली. दीक्षा घेऊन आपण ती टाकली. परंतु मरीआईला निरोप देऊन तिच्या जागी नशिबाला आणून बसविले, तर आपण सोडले तरी काय?

कोणी म्हणेल, एवढ्या मोठ्या साथीपुढे सरकार काय करणार? साथ अचानक येते, हे खरे. पण खाटांची संख्या अचानक ठरत नसते. ती आधीच्या वीस वर्षांच्या अंदाजपत्रकांत ठरते. २०२० साली मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलाच्या मैदानावर काही आठवड्यांत सुमारे १००० खाटांचे केंद्र उभे राहिले. म्हणजे इच्छा असली की खाटा होतात! मात्र डॉक्टर व परिचारिका काही आठवड्यांत घडत नाहीत, आणि त्यांच्यावाचून खाट म्हणजे नुसते लोखंड होय. म्हणूनच दारावरच्या परिचारिकेवर रोष काढू नका; त्याच उणिवेचा भार तीही वाहते.

आता कायदा ऐका. राज्यघटनेचा अनुच्छेद ४७ सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे प्राथमिक कर्तव्य मानतो. १९९२ साली बंगालमधील एक शेतमजूर गाडीतून पडला. कलकत्त्यातील सरकारी रुग्णालयांनी एकामागून एक त्याला परत पाठविले. पश्चिम बंग खेत मजदूर समितीच्या त्या खटल्यात १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, तातडीचा उपचार वेळेवर न देणे हा अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्काचा भंग आहे, आणि पैसा नाही ही सबब राज्याला सांगता येणार नाही. आपल्या राज्यात धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत व १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीने राखावयाच्या असतात. हा हक्क किती घरांस ठाऊक आहे?

अतिसाराने पडलेल्या, कोणी न विचारलेल्या भिक्खूला तथागतांनी आनंदासह स्वतःच्या हातांनी स्नान घातले. रुग्णाची सेवा हीच आपली सेवा, असे त्यांनी संघाला शिकविले. तेव्हा विहारात केवळ वंदना म्हणून भागणार नाही. प्रत्येक विहार समितीने माहितीच्या अधिकाराखाली १० रुपयांचा अर्ज करून विचारावे : जिल्हा रुग्णालयात खाटा किती? डॉक्टरांच्या व परिचारिकांच्या रिक्त जागा किती? प्राणवायूची सोय काय? खाट नाकारली तर नकार वेळेसह लेखी मागावा. नकार देणारा लिहून देत नसेल, तर आपण साक्षीदारांसह टिपून ठेवावा.

पुढली साथ येईल तेव्हा अर्ज करावयास वेळ नसेल. विचारण्याची वेळ आज आहे. भिक्षा मागणारा दारातून परततो. हक्क मागणारा जाब विचारल्यावाचून परतत नाही!

जय भीम!